रागातला होकार

सुधीर गेल्याचा फोन आला तेव्हा मी रायपूरच्या गुढियारीतल्या माझ्या जुन्या सामानाच्या गोदामात एका जुन्या लोखंडी कपाटाचा सौदा करत होतो. गिऱ्हाईक म्हणजे बीरगावच्या कारखान्यातला एक पोरगा. नवं लग्न झालेलं, बायकोला बाहेर रिक्षात बसवून एकटाच आत आलेला. म्हणजे अडलेला. मी भाव सोडत नव्हतो आणि तो कपाटाच्या दारावरचा हात सोडत नव्हता. तेवढ्यात रूथचा, सुधीरच्या मुलीचा, फोन आला. आफ्रिकेतून येणारा तिचा आवाज नेहमीच जरा उशिरा पोचतो. "बडे पापा..." ती म्हणाली, आणि पुढचा शब्द यायला इतका वेळ लागला की तो काय असणार ते मला कळलं. "पापा नहीं रहे." मी फोन खिशात ठेवला. पोरगा तसाच उभा. "भैया, आखिरी बोलो ना." मी म्हणालो, "जो देना है दे दो. ले जाओ." सगळ्या धंद्यात हे वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. पोरगा चपापला, कपाटाची मागची बाजू पुन्हा एकदा तपासली, आणि यात नक्कीच काहीतरी खोट आहे असं समजून न घेताच निघून गेला.

हे सुधीरला सांगितलं असतं तर तो पोट धरून हसला असता.

सुधीर माझा धाकटा भाऊ. आमचे बाबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत रायपूरला आले आणि लवकर गेले, त्यांच्यामागे आईही. मी शाळा सोडली, हातगाडी घेतली आणि पाऱ्यापाऱ्यातून, म्हणजे इथल्या वस्त्यावस्त्यांतून, "लोहा, टीना, पुराना सामान" असं ओरडत फिरलो. त्या हातगाडीवर आजचं गोदाम उभं आहे, आणि त्याच हातगाडीवर सुधीर शिकला. तो इथल्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन झाला. हात असा हलका की सुई कधी गेली ते लहान लेकराला कळायचं नाही. आम्ही ख्रिस्ती. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना हिंदीतून होते, पण घरची संध्याकाळची प्रार्थना आईने घालून दिल्याप्रमाणे मराठीतच. सुधीर प्रार्थना सांगायचा, मी शेवटी "आमेन" म्हणायचो. देवाशी बोलायचं काम त्याचं आणि जगाशी भांडायचं माझं, अशी आमची वाटणी होती आणि ती बरी चालली होती. मला सुधीरविषयी तक्रार आहे, हे आधीच सांगून ठेवतो. गेलेल्या माणसाबद्दल गोडच लिहावं म्हणतात. मला ते जमणार नाही.

सौदा म्हणजे काय हे त्याला कधी कळलंच नाही. त्याच्या लग्नाच्या वेळी आम्ही दोघं सदर बाजारात अंगठी घ्यायला गेलो होतो. सोनाराने पहिला भाव सांगितला आणि मी श्वास घेऊन तोंड उघडणार, तोच हा म्हणाला, "ठीक है भैया." मी त्याला दंड धरून बाहेर रस्त्यावर काढलं. मागून स्कूटरवाले हॉर्न वाजवताहेत आणि मी ओरडतोय, "काहून बोलला तू मधात? मी मेलो होतो काय?" तो म्हणाला, "दादा, त्याच्या घरीबी लेकरं असतीन ना." मी त्याला तिथेच उभा ठेवला आणि आत जाऊन बराच वेळ झगडून अंगठी माझ्या भावात आणली. बाहेर येऊन पाहतो तर हा सोनाराच्या म्हाताऱ्या बापाजवळ पायरीवर बसून त्याच्या साखरेची चौकशी करत होता. पुढे तो म्हातारा दर महिन्याला रक्त तपासायला सुधीरकडेच येई. माझं नाव मात्र त्या दुकानात कोणी प्रेमाने घेत नाही.

एका रविवारी मंडळीत एक पाहुणे डॉक्टर आले. आफ्रिकेतल्या मलावी देशात, एका मोठ्या तळ्याच्या काठी मिशनचा लहानसा दवाखाना आहे. तिथे यंत्रं आहेत, पण तपासणारा आणि तिथल्या पोरांना शिकवणारा माणूस नाही, असं त्यांनी सांगितलं. मी ऐकलं आणि विसरलो. सुधीर विसरला नाही. पण तो कोणाला काही बोललाही नाही. त्याची बायको माधुरी, तीही काही बोलली नाही. दोघंही एका घरात, एका ताटलीतून खाल्ल्यासारखे राहणारे, आणि कित्येक आठवडे दोघांनीही हीच एक गोष्ट एकमेकांपासून लपवलेली. मग एका दुपारी वरणभात वाढता वाढता माधुरी म्हणाली, "तुमच्या मनात ते तळं आहे ना?" सुधीर जेवायचा थांबला. "तुझ्याबी?" हे मला तिनेच नंतर सांगितलं.

दोघं मंडळीच्या पाळकांकडे गेले. ते सावध माणूस. त्यांनी सांगितलं, देवाचं पाचारण एकट्याला झालं तर तो भासही असू शकतो, ते सगळ्या घराला झालं पाहिजे. तेव्हा घाई नको, घरातल्या प्रत्येकाला मोकळेपणी विचारा. मग सुधीर-माधुरीने रूथला विचारलं. ती तेव्हा नववीत. मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच. म्हणाली, "मुझे नहीं जाना. मेरी सारी फ्रेंड्स यहाँ हैं." सुधीरने "बरं" म्हटलं आणि विषय मिटवला. खरंच मिटवला. पोरीची मनधरणी नाही की तोंड पाडून बसणं नाही. मी मनातल्या मनात त्या पोरीला सोन्याचे कानातले कबूल करून टाकले. पण वर्षभराने तीच आपणहून बापाला म्हणाली, "पापा, वो हॉस्पिटल वाली बात... अब पूछो." का, ते तिने कधी सांगितलं नाही. कानातले माझ्याकडेच राहिले.

मला वाटलं, आता हे जाणार. तर शनिवारी संध्याकाळी सुधीर गोदामात आला. गिऱ्हाईक ओसरलं की दर शनिवारी यायचाच. माझ्या टेबलासमोर एक लोखंडी स्टूल आहे, एका पायाने आखूड. त्या पायाखाली कॅलेंडरच्या कागदाची घडी सरकवायची आणि बसायचं, ही त्याची सवय. घडी सरकवली, बसला आणि म्हणाला, "दादा, आता तू राहिला."

"मी कायले?"

"घरातल्या प्रत्येकाले विचारा म्हटलं पाळकांनी. तू घरातला नाहीस काय?"

मी स्पष्ट सांगितलं, "मले नाही पटत. बीरगावात देव नाही काय? तिथं जायले पासपोर्ट लागत नाही." कारण रविवारी दुपारी हा बीरगावच्या मजुरांच्या खोल्यांमध्ये जायचाच, साखर तपासायचा, पट्ट्या बांधायचा, कोणी म्हटलं तर प्रार्थना करायचा. सुधीर हसला. "हेच मीबी देवाले विचारलं होतं. तो काही बोलला नाही." मग त्याने चहा प्यायला, माझ्या गुडघ्याची चौकशी केली आणि गेला. पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. "काय म्हणतो दादा?" "नाही म्हणतो." "बरं." चहा. गुडघा. असं महिनोन्महिने चाललं. मी गिऱ्हाईक पुष्कळ पाहिलेत. काही रडतात, काही निघून गेल्याचं नाटक करून कोपऱ्यावरून परत येतात. पण भाव न वाढवता, न रडता, दर आठवड्याला तोच प्रश्न घेऊन येणारा माणूस मी पाहिला नव्हता. मी चिडून म्हणालो, "तुले जायचं तर जा ना. मी काय साखळदंड बांधला?" तर म्हणे, "दादा, मी सांगून नाही राहिलो, विचारून राहिलो."

एका शनिवारी माझं डोकं आधीच फिरलेलं होतं. एक मोठा सौदा तोंडाशी येऊन फिसकटला होता. सुधीरने घडी सरकवली, बसला, विचारलं. आणि मी उसळलो. काय काय बोललो ते सगळं लिहीत नाही. हातगाडी काढली, त्याची फी काढली, आईला काढलं. शेवटी म्हणालो, "जा! जिथं मराचं तिथं जाऊन मर!" गोदामातले हमाल हातातलं सामान खाली ठेवून बघत राहिले. मला वाटलं, झालं. त्याला हवा होता तो होकार मिळाला, आता हा उठेल आणि जाईल. कोणीही गेला असता. मी असतो तर त्याच क्षणी उचलून पळालो असतो. समोरचा रागात भाव पाडून बसला, की शहाणा माणूस माल उचलतो आणि गल्ली सोडतो.

सुधीर उठला नाही. म्हणाला, "दादा, हा नाही चालत. रागातला होकार आहे. मी ऐकलाच नाही असं समज. पुढच्या शनिवारी परत विचारतो." आणि चहा मागवला.

जिंकलेला सौदा परत करणारा माणूस... काय करायचं अशा माणसाचं?

पुढच्या शनिवारी तो आला, पण त्याने विचारलं नाही. चहा झाला, गुडघा झाला, रूथच्या परीक्षेचं झालं. उठताना म्हणाला, "दादा, उद्या मी त्या डॉक्टरांले नाही म्हणून कळवतो. आम्ही तिघांनी प्रार्थना केली. तू इतक्या वेळा नाही म्हटलं, तर तुझ्या तोंडून देवच नाही म्हणून राहिला असंन, असं ठरवलं." त्याच्या तोंडावर रुसवा नव्हता. उलट ओझं उतरल्यासारखा दिसत होता, आणि त्याचाच मला त्रास झाला. माझं 'नाही' कुठून येत होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. देवाचा त्यात काही संबंध नव्हता. शनिवारी संध्याकाळी या स्टुलावर कोणीतरी बसावं, ज्याच्यावर ओरडलं तरी तो परत येतो, एवढंच होतं ते. म्हणालो, "माझ्या तोंडाले देवाचं तोंड नको बनवू." तो थांबला. बाहेर मालगाडीचे डबे जोडत होते, त्याचा धडधडाट मी संपू दिला. मग मी शांतपणे, आवाज न चढवता म्हणालो, "जा." त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. राग शोधत असावा. सापडला नाही. मग तो खाली वाकला, माझ्या पायांना हात लावला, आणि आमच्यात पाया पडायची पद्धत नाही हे दोघांच्याही लक्षात आलं नाही.

तर माझी तक्रार ही आहे. तो मला न विचारता गेला असता, तर आज मला भांडायला जागा असती. 'ऐकलं नाहीस, गेलास, भोग' असं म्हणून मी मोकळा झालो असतो. त्याने माझ्याकडून खरा होकार घेतला, शुद्धीतला, आणि मग तो गेला. आता मी कोणाची गचांडी धरू?

तिथे होता तेवढी वर्षं तो खुशीत होता, हे मान्य करायला हवं. फोनवर तळ्याचं वर्णन करायचा. "दादा, सुकसी इथंबी मिळते," असं पहिल्याच आठवड्यात सांगितलं, वाळवलेली मासळी मिळाली म्हणजे सगळं मिळालं असं. मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा खातात, आंबे भरपूर आहेत, पोरं हुशार आहेत, सुई धरायला शिकलीत. शनिवारी त्याचा फोन चुकायचा नाही. मी विचारायचो, "बाजारात भाव करतो का तिथं?" तो म्हणायचा, "माधुरी करते. तुझ्याकडून शिकली." यंदा तिकडच्या पावसाळ्यात त्याला ताप आला. दुसऱ्यांचं रक्त तपासणाऱ्याने स्वतःचं तपासायला उशीर केला असं माधुरी म्हणते, मला माहीत नाही. रस्ते पाण्याखाली होते, त्याला इकडे आणणं शक्य नव्हतं. दवाखान्याच्या आवारात आंब्याखाली त्याला ठेवलं. मूठभर माती टाकायलाही मी नव्हतो. 'जिथं मराचं तिथं जाऊन मर' हे माझेच शब्द. त्याने ते तेव्हाच परत केले होते, हे मी स्वतःला रोज बजावतो. ऐकलंच नाही असं समज, म्हणाला होता तो. समजायचा प्रयत्न करतो.

परवा माधुरीचा फोन आला. तिला आणि रूथला तिथेच राहायचं आहे. रूथ आता बापाच्या जागी शिकाऊ म्हणून काम करते, माधुरी दवाखान्याचं स्वयंपाकघर बघते. "पण भाऊजी," ती म्हणाली, "आमच्या दोघींच्या म्हणण्यावर नाही राहायचं. घरातल्या प्रत्येकाले विचारायचं, असं ह्यांचं होतं. तुम्ही काय म्हणता?" मी फोनवरच उसळलो. एक माणूस तिथे ठेवला तो पुरला नाही काय, पहिल्या विमानाने परत या, नसेल यायचं तर कोणी मेलं तरी मला कळवू नका, सगळं बोललो. ती ऐकत होती. मी दम घ्यायला थांबलो तेव्हा म्हणाली, "भाऊजी, हा रागातला नकार आहे. शनिवारी परत विचारते."

आज शनिवार. सकाळीच रूथचा निरोप आला, "बडे पापा, मम्मी शाम को फोन करेगी. गुस्सा कम रखना." गिऱ्हाईक ओसरलं आहे. हमालाला चहा सांगितला, तर तो सवयीने दोन घेऊन आला. राग यावा म्हणून मी दुपारपासून एकेक गोष्ट आठवून पाहिली, ती हातगाडी, ती न टाकलेली मूठभर माती, कपाटाच्या सौद्यातला तो पोरगा. पण येत नाही. राग आला असता तर ते उत्तर धरलं गेलं नसतं, आजचा शनिवारही निभावला असता...

फोन मी समोरच्या स्टुलावर ठेवला आहे. वाजला की थरथरून खाली पडेल, म्हणून आखूड पायाखाली कागदाची घडी नीट सरकवून दिली.