वरकुट्याला बर्फ बघायला

लोक बर्फ बघायला सिमल्याला, मनालीला जातात. आम्ही दोघं इंदापूर तालुक्यात गेलो होतो. हे कुणालाही सांगितलं की समोरचा आधी हसतो आणि मग माझ्या नवऱ्याकडे बघतो, बाई बऱ्या आहेत ना म्हणून. तेव्हा म्हटलं, एकदा सगळं नीट लिहूनच टाकावं.

नव्वदचं दशक, जानेवारी महिना. आमचं तेव्हा एक पोस्टकार्ड मंडळ होतं. पुणे जिल्ह्यातली सात हवामानवेडी माणसं. रोज सकाळी सहाला, तोंडसुद्धा न धुता, तापमापीतला पारा बघायचा, वहीत टिपायचा आणि महिनाअखेरीला सगळे आकडे कार्डावर लिहून माझ्याकडे पाठवायचे. मी आणि माझा नवरा विनायक त्यांचा तक्ता करायचो. ह्याचा उपयोग काय, असं सासूबाई दरवर्षी विचारायच्या. उत्तर तेव्हाही नव्हतं, आताही नाही.

सातांतले एक वरकुट्याचे सोनवणे गुरुजी, निवृत्त प्राथमिक शिक्षक. अक्षर इतकं सुरेख की कार्ड फाडवत नसे. आकडे मात्र पटायचे नाहीत. त्यांचा पारा बाकी सगळ्यांच्या तीन-चार अंश खाली. पहिल्या वर्षी आम्ही म्हटलं, गाव थंड असेल. दुसऱ्या वर्षी म्हटलं, तापमापी बिघडली असेल. तिसऱ्या वर्षी मंडळात कुजबूज सुरू झाली की गुरुजी थंडी फुगवून सांगतात. मी त्यांच्या रकान्यावर पेन्सिलीनं ‘शंकास्पद’ लिहिलं. यंदा तो रकाना गाळूनच टाकावा, असं बहुतेकांचं मत पडलं.

तेवढ्यात त्यांचं कार्ड आलं. ‘उत्तरेची थंडी उतरत आहे. आकाश निरभ्र, वारा पडलेला. अशीच राहिली तर आमच्याकडे बर्फ धरेल. लहानपणी मी स्वतः पाहिला आहे. येऊन पाहावे.’

विनायक म्हणाला, “म्हातारा एक तर थापाड्या आहे, नाहीतर आपण सगळे मूर्ख आहोत. चल, बघून येऊ.” मी शाळेत दोन दिवसांची रजा टाकली. रकाना ठेवायचा की गाळायचा, ते तिथं जाऊन ठरवायचं होतं.

स्वारगेटहून सकाळची सोलापूर गाडी पकडली. तेव्हा रस्ता आजच्यासारखा चौपदरी नव्हता. समोरून ट्रक आला की आमचा ड्रायव्हर गाडी साइडपट्टीवर उतरवायचा, आणि मी मांडीवरची, टॉवेलात गुंडाळलेली तापमापी पोटाशी धरायचे. शेजारच्या बाईंना वाटलं, तान्हं बाळ आहे. त्यांनी दोनदा वाकून बघितलं. पाटसच्या पुढं ऊस सुरू झाला, भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसायला लागलं. गाडी जिथं थांबली तिथं गरम भजी आणि चहा घेतला. दोघांचं मिळून दहा रुपयांत भागलं. तिथंच एक क्लीनर आगीवर हात शेकत दुसऱ्याला म्हणत होता, “काल काच पुसताना बोटं ऱ्हायली न्हाईत जाग्यावर.” विनायकनं लगेच वही काढून ते टिपलं.

इंदापूरला बाजाराचा दिवस होता. स्टँडवर कळलं, वरकुट्याची एसटी गेली, आता थेट संध्याकाळी. मग वडापच्या जीपमध्ये अकरा माणसं, दोन करडं आणि आम्ही. तुम्ही जाणार असाल तर एक सांगते. वडापमध्ये पुढची जागा मिळाली तरी घेऊ नका, गियर टाकताना दरवेळी गुडघा बाजूला घ्यावा लागतो.

“कुणाकडं जायचं म्हणायचं?” फेटेवाल्या एका गृहस्थांनी विचारलं.

“सोनवणे गुरुजींकडे.”

“व्हय व्हय, बर्फवालं गुरुजी.” जीपमध्ये हशा पिकला. मग तेच गृहस्थ जरा वरमून म्हणाले, “माणूस सोन्यावानी हाय बरं का. आमी त्यांच्याच हाताखाली शिकलो. गणित लई भारी. पर बर्फाचं तेवढं काय खरं न्हाय.”

म्हणजे शंका एकट्या आमच्या मंडळाला नव्हती. गावानं तर नावच ठेवलं होतं.

गुरुजी पांढऱ्या लेंग्यात, स्वेटर आणि कानटोपी घालून वाटेवरच उभे होते. उंच, वाळके, आणि आमच्यापेक्षा आमची तापमापी बघून जास्त खूश झालेले. घर सिमेंटचं, दोन खोल्या आणि पुढं पडवी. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली ओळीनं लावलेल्या आमच्या तक्त्यांच्या प्रती. मी पाठवलेल्या सगळ्या. नशीब, पेन्सिलीची खूण मूळ तक्त्यावर होती, प्रतींवर नव्हती. मला आतून लाज वाटली.

काकूंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नींनी, आधी हुरडा दिला आणि मग बाजरीची भाकरी, ठेचा आणि हरभऱ्याचा कोवळा पाला नुसता तेल-तिखट लावून. हा पाला पुण्यात विकत मिळत नाही. मिळाला तरी तसा लागत नाही.

जेवण झाल्यावर तपासणी. दोन्ही तापमाप्या एकाच बादलीतल्या पाण्यात बुडवल्या. पारा दोन्हींत एकाच रेघेवर. विनायकनं पाणी बदलून परत बघितलं. तेच.

“मग गुरुजी, तुमचा आकडा इतका खाली कसा?” मी विचारलं.

“चला, दाखवतो.”

घरामागं उतार होता. वर त्यांच्या मुलाची, संजयची, द्राक्षबाग आणि उताराच्या तळाला गुरुजींचा हरभऱ्याचा तुकडा. बागेच्या अगदी खालच्या चार ओळी हरभऱ्याला लागून. तुकड्याच्या मधोमध एक खुंटी, जेमतेम वीतभर. त्यांनी हातातली तापमापी तिला परत बांधली.

विनायक कपाळाला हात लावून हसायला लागला. “गुरुजी, नियम चार फुटांचा आहे. छातीच्या उंचीला, सावलीत.”

“ठावं हाय मला,” गुरुजी शांतपणे म्हणाले. “पर थंडी पिकाला लागती, माणसाच्या छातीला न्हाय. हरभरा जिथं हाय तिथलं बघाय नगं?”

तीन वर्षं हा माणूस खरे आकडे पाठवत होता, फक्त दुसऱ्या उंचीचे. आणि एकदाही त्याला ‘कुठं बांधलीय?’ एवढं साधं विचारायचं आम्हाला सुचलं नव्हतं. आम्ही मात्र तो खोटं बोलतो, एवढं पटकन ठरवून मोकळे झालो होतो.

“आणि बर्फ?” मी विचारलं.

तेव्हा त्यांनी सांगितलं. आठ-नऊ वर्षांचे असताना एका सकाळी त्यांच्या आईनं कडब्यावर विसरलेल्या ताटातून काचेसारखी चकती उचलून त्यांच्या हातावर ठेवली होती. शाळेत सांगितलं, तर मास्तरांनी खोटं बोलतो म्हणून उभं केलं. लग्न झाल्यावर बायकोला सांगितलं, ती हसली. “कोन मानंना झालं, की मानूस बी म्हनाय लागतं, मला सपानच पडलं असंल. आता वय झालं. एकदा परत बघायचा हाय, दुसऱ्या कुणाच्या डोळ्यादेखत.”

संध्याकाळी आम्ही परसात कडब्याच्या पेंढ्या पसरल्या. गुरुजींनी आत जाऊन परात मागितली.

“ती परात सकाळी भाकरीला लागंल मला,” काकू म्हणाल्या.

“उजाडल्यावर देतो की.”

“चाळीस वर्सं झाली ह्यांच्या बर्फाला,” काकू मला म्हणाल्या. परात मात्र घासून, पुसून दिली. तिच्यात दोन बोटं पाणी घालून आम्ही ती कडब्यावर ठेवली, म्हणजे जमिनीची ऊब लागणार नाही. खुंटीशेजारी काठी रोवून चार फूट उंचीवर आमची तापमापी टांगली.

रात्री जेवताना संजय बोलला. तिशीचा, कमी बोलणारा. “आण्णा, मण्यात पानी भरायला लागलंय. तुमचा बर्फ पडला तर मणी तडकत्याल. माझी बाग जाईल.” आवाजात राग नव्हता. गुरुजींनी मान खाली घातली. आम्ही ज्याची वाट बघत होतो, ते ह्या घराचं नुकसान होतं, आणि पुण्याहून निघताना हे आमच्या डोक्यातसुद्धा आलं नव्हतं.

थंडीत बाग वाचवायची तर विहिरीचं कोमट पाणी सोडायचं आणि बांधावर धूर करायचा. पण मोटारीला वीज पहाटेच्या पाळीला, सहापर्यंतच. आणि खालच्या चार ओळींना पाणी द्यायचं तर पाट गुरुजींच्या हरभऱ्यातूनच जायचा. ओल झाली की तिथला पारा चढणार, वर परसातली थंडीही मोडणार, बर्फ विसरायचा. संजय म्हणाला, “वरच्याच ओळींना देतो. तुमचा तुकडा कोरडा ठेवतो.” बापाला त्यानं तसा शब्दच दिला.

पहाटे पाचला आम्ही स्वेटरवर स्वेटर चढवून खाली उतरलो. मोटार सुरू होती. पाटातल्या पाण्याच्या वाफा निघत होत्या. बॅटरीच्या उजेडात मी खुंटीवरचा पारा वाचला. एक अंश. आणखी तासाभरात शून्यावर येणार, हे कुणीही सांगितलं असतं. खोटं कशाला बोलू, बर्फ हवाच होता मला.

संजय वरच्या ओळींत दारं धरत होता, म्हणजे एका वाफ्याचं तोंड बुजवून पाणी दुसऱ्यात वळवत होता. गुरुजी खालच्या ओळींत गेले. एक घड तळहातावर घेतला, जरा वेळ तसेच उभे राहिले. मग त्यांनी बांधावरचं खोरं उचललं आणि आपल्या हरभऱ्याच्या दाराची माती ओढली. पाणी भसकन आत आलं आणि खुंटीच्या बुडाशी पसरलं.

“आण्णा, ऱ्हाऊ द्या की,” वरून संजय ओरडला.

“आधी बाग,” गुरुजी म्हणाले. “तुमी दोघं उभं काय ऱ्हायलाय? पाचट पेटवा तिकडं.”

मग आम्ही सहापर्यंत उसाचं वाळलेलं पाचट आणून बांधावर धूर करत होतो. डोळे चुरचुरत होते, बोटं बधिर. सहा वाजता वीज गेली तेव्हा खालच्या चारही ओळी भिजल्या होत्या. आमची तापमापी साडेचारवर, गुरुजींची तीनवर. मी दोन्ही टिपले. उजाडेपर्यंत धूर चालूच ठेवला. गुरुजींनी खुंटीवरची आपली तापमापी सोडली, खिशात घातली आणि म्हणाले, “चला, च्या घिऊ.”

सूर्य वर आल्यावर घरी आलो. काकू चुलीपुढं, परातीत पीठ मळत होत्या. आमच्या परातीत.

विनायक जागीच थांबला. धुराच्या गडबडीत परात आम्ही चौघंही साफ विसरलो होतो.

“काकू, ह्यातलं पाणी?”

“वतून दिलं की जास्वंदीला. तुमी सगळी भुकेजून येणार.” त्यांनी पीठ थापायला घेतलं आणि थांबल्या. “वर साय धरल्यागत कायतरी हुतं. मला वाटलं, कचरा पडला. बोट लावलं तर कुरकुरलं. लई गार.”

मी जास्वंदीच्या बुडाशी धावले. तिथं नुसती ओल होती.

काकूंच्या हातातली भाकरी तशीच राहिली. त्यांनी गुरुजींकडे बघितलं. “तेच व्हतं व्हय, ते?”

गुरुजी पाटावर बसले. मला वाटलं, चिडतील. त्यांनी फक्त विचारलं, “जाड किती हुतं?”

“नखावानी.”

“काचंसारखं?”

“व्हय. काचंसारखं.” मग जरा वेळानं, “म्या उगंच हसत हुते तुमास्नी.”

गुरुजींनी कानटोपी काढून डोळे पुसले आणि धूर फार झाला आज, असं म्हणाले.

परतीला आम्ही बारामतीवरून आलो. बारामतीला गाडी बदलली, मोरगावला उतरून दर्शन घेतलं, देवळाबाहेर उसळ-पाव खाल्ला. आजूबाजूला कोरडं माळरान, ज्वारीची ताटं, शेरडं. तुम्ही गेलात तर परतीचा हाच रस्ता धरा, लांब पडतो पण बघायला छान आहे. गाडीत आमचा वाद चालू. मंडळाचा नियम होता की स्वतः पाहिलं तेच लिहायचं. विनायक म्हणाला, आपण बर्फ पाहिला नाही. मी म्हटलं, सात जणांच्या मंडळात ज्या बाईला बर्फ दिसला ती आठवी आहे, तिला सभासद करून घे.

घरी आल्यावर मी खोडरबर घेऊन ‘शंकास्पद’ पुसलं. तिथं लिहिलं, ‘पिकाच्या उंचीला’. शेऱ्यात लिहिलं, ‘बर्फ, नखाएवढा जाड. पाहणाऱ्या, सौ. सोनवणे.’ मंडळात दोघांनी कुरकूर केली. मी त्यांना खोरं, पाणी आणि चार ओळी सांगितल्या, मग त्यांनीही सह्या केल्या.

महिनाअखेरीला गुरुजींचं कार्ड आलं. आकडे नेहमीसारखे, सुरेख अक्षरात. खाली दोन ओळी होत्या. ‘बाग वाचली. बर्फ पुन्हा धरला नाही. परात आता आमच्या सौ. स्वतःच रोज संध्याकाळी कडब्यावर ठेवतात आणि उजाडायच्या आत मला उठवतात. भाकरीचे पीठ ताटात मळतात.’