तीस पावलांतलं कुत्रं

त्या रविवारी आम्ही दोघांनी कुत्र्याला दोरावर फिरवलं. मिशिगनमधल्या आमच्या घरामागं मका कापून नेलेलं रान होतं. लांब दोराचं टोक बायकोच्या हातात, शिट्टी माझ्या तोंडात. कुत्रं तीस पावलांपलीकडं गेलं की मी शिट्टी मारायची आणि दोघांनी मुकाट्यानं उलट्या दिशेला चालू लागायचं. आपली माणसं हरवतील या भीतीनं ते परत फिरतं. शिकवायची रीत एवढीच. ती वळायची, पण सारखी मागं बघायची.

मी ओरडलो, "बघू नकोस! त्यानं आपल्याकडं बघायचं असतं."

"आणि नाही बघितलं तर?" ती म्हणाली.

आम्ही मिळून केलेलं शेवटचं साधं काम ते.

मी सातवी शिकलेला. मेव्हण्यानं ऐंशी सालानंतर अमेरिकेत बोलावून घेतलं. मी कारखान्यात वेल्डिंग केलं आणि गुडघे घालवून घरी बसलो. शिकारीचा नाद गावापासूनचा. इकडं फेझंट मिळतो, रानकोंबड्यासारखा, लांब शेपटीचा. ओळखीचे शिकारी लांब धावणारी कुत्री बाळगत. कुत्रं शेताच्या पलीकडं पक्षी दाखवत उभं आणि मी अलीकडं धापा टाकतोय. म्हाताऱ्याला बंदुकीच्या टप्प्यात राहणारंच कुत्रं लागतं. स्पॅनिएल जातीची कुत्री पाळणारा एक शेतकरी म्हणाला, "चपळ पिल्लू घेऊ नका. थोडं जाऊन मागं वळून बघणारं घ्या." मी तरी चपळच उचललं. तिनं ते माझ्या हातातून काढून खाली ठेवलं आणि तिच्या पायांशी परत परत येणारं तपकिरी उचललं.

नाव ठेवलं, पण नावाला ते बधायचं नाही. ती दिवसभर मला हाका मारायची. अहो, चहा. अहो, फोन. मी बसून राहायचो, कुत्रं धावायचं आणि पोळीचा तुकडा मिळवायचं. शेवटी रानातसुद्धा ते माझ्या शिट्टीपेक्षा तिच्या "अहो"ला आधी यायला लागलं. मला राग यायचा.

"कुत्र्याला अहो? मग मी कोण?"

"मी तुम्हालाच म्हणते. तुम्ही येत नाही, ते येतं. त्याला मी काय करू?"

सोमवारी सकाळी ती ओट्यापाशी कोसळली. दुपारपर्यंत हॉस्पिटलात सगळं संपलं.

बुधवारी तिला अग्नी देऊन आलो. घर माणसांनी भरलेलं. कुणीतरी मागचं दार उघडं टाकलं आणि कुत्रं गेलं. दुसऱ्या दिवसापासून, गुरुवारपासून, हरणांच्या शिकारीचा हंगाम. चारी बाजूंनी बंदुका, तपकिरी काही हललं की गोळी. शिट्टी फुंकून माझे ओठ सोलले. नावानं हाका मारल्या. अंधार पडला तशी मुलगी आली, म्हणाली, "बाबा, घरात चला. ही विल कम बॅक." मी तिच्यावर खेकसलो. कुठल्या हाकेला ते येईल हे मला ठाऊक होतं, पण तोंडातून निघेना. चाळीस वर्षं ती हाक मला आली, मी ती कुणाला मारू? आणि मारूनही नाही आलं तर?

गुरुवारी उजाडताच रानात गेलो. बंदूक घेतली नाही. लांब कुठंतरी पहिला बार झाला. "अहो," म्हटलं. मलाच जेमतेम ऐकू आलं. मग लाज सोडली, तिच्यासारखा बारीक आवाज काढून ओरडलो, "अहो! अहो, या ना!"

काही नाही. दुसरा बार झाला.

मग पाठ फिरवली आणि घराकडं चालायला लागलो. मागं बघायचं नाही, पावलं मोजायची. विसाव्या पावलाला मागं मक्याच्या वाळल्या धसकटांत खसफस झाली. वारं असेल म्हटलं. बावीस. तेवीस. मला काही तीसपर्यंत दम निघाला नाही. मी वळून बघितलं.

चिखलानं भरलेलं, कान कुसळांनी गच्च, येत होतं. गुडघे टेकून तिथंच बसलो आणि एकेक कुसळ काढायला लागलो.