यशोदाबाई आणि पिवळ्या छत्रीतला सहावा

मोहाडीच्या आठवडी बाजारात मासळीवाल्या बायांच्या रांगेतून जॅझ ऐकू येतो, असं सांगितलं तर भंडाऱ्याचा माणूससुद्धा हसेल. पण येतो. रांगेत चौथ्या जागी यशोदाबाई नागपुरे बसतात. वय बासष्ट. समोर विळी, एका बाजूला रोहू, दुसऱ्या बाजूला झिंग्यांचा ढीग, आणि मांडीशी एक जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं खोल पातेलं. गंजात मासे नसतात. त्यात मुठीएवढा निळा स्पीकर असतो आणि त्यातून सॅक्सोफोन असा काही ओरडतो की पलीकडच्या ओळीतली वांगी विकणारी सुशीलाबाई कानावर पदर घेते.

"वो यशोदे, तुया म्हशीले कोनी तरी पानी दाखवा वो!"

"म्हैस नाई ते. वीरेंद्र होय," यशोदाबाई शांतपणे सांगतात आणि रोहूचे खवले काढत राहतात.

हे वेड लागलं ते नातीच्या जुन्या फोनमुळे. खुशी भंडाऱ्याला कॉलेजात शिकते. तिनं आपला जुना फोन आजीला दिला आणि बासरीवरचं एक भजन लावून दाखवलं. भजन संपलं. फोन थांबायला तयार नव्हता, त्यानं आपल्या मनानं पुढचं काहीतरी लावलं. आधी नुसता ड्रमचा सरसराट. मग कुणीतरी पेटीसारखं दोन सुरांवर अडून बसलं. आणि मग शहनाईच्या थोरल्या भावासारखं एक वाद्य आलं आणि सगळ्यांना ढकलून पुढे गेलं. यशोदाबाईंच्या हातात पीठ होतं. भाकर थापायची राहिली आणि तवा धुरकटला.

"हे काय होय वो खुशे?"

"जॅझ फ्यूजन म्हणतात याले, आजी. पुण्याचा बँड आहे. नाव 'तिरपी गच्ची'. कायले, बंद करू?"

"हात नको लावू!"

पंचवीस वर्षांत 'तिरपी गच्ची'चे सात अल्बम निघाले होते. यशोदाबाईंना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून त्यांनी अल्बम चित्रांवरून ओळखायला सुरुवात केली. पहिला दांडीवरच्या कपड्यांचा. दुसरा स्कूटरवर बसलेल्या बकरीचा. तिसरा जिन्याचा. चौथा पिवळ्या छत्रीचा. कोण काय वाजवतो ते खुशीनं वाचून दाखवलं आणि ते त्यांच्या डोक्यात कायमचं बसलं. सॅक्सोफोनवाला वीरेंद्र सातही अल्बमांत आहे. बाकीची मंडळी येतात-जातात. पेटीवाला बकरीनंतर निघून गेला. छत्रीच्या वेळी बेस गिटार घेऊन रेणू नावाची बाई आली, तीही तेवढ्या एका अल्बमपुरती. अशा बातम्या त्या बाजारात मोठ्या आवाजात सांगत, त्यामुळे गोंधळ व्हायचा. एकदा त्या म्हणाल्या, "आयकलं का? ताराचंद सोडून गेला!"

"बायकोले?" सुशीलाबाईनं वांग्यांचा तागडा खालीच ठेवला.

"बँडले वो! ड्रमवाला होय थो. पाच अल्बम वाजवले अन् गेला."

"मंग बायको कोठी हाये त्याची?"

यशोदाबाईंनी गाण्याचा आवाज वाढवला. पण रांगेतल्या बायांनी पुढचे दोन बाजार ताराचंदच्या बायकोची काळजी केली.

तीस वर्षं त्या या रांगेत बसत होत्या. सकाळी गिऱ्हाईक असतं. दुपारी मात्र नुसत्या माश्या हाकलत बसायचं, मान मोडून यायची. आता दुपार कधी उलटली ते कळत नसे. एक अल्बम संपेपर्यंत झिंगे संपायचे. संध्याकाळी टोपली डोक्यावर घेऊन त्या निघत तेव्हा त्यांची चालसुद्धा ड्रमच्या ठेक्यावर पडायची, आणि ते ठेके इतके आडवेतिडवे असत की मागून येणाऱ्याला वाटावं, बाईच्या पायात काटा गेला आहे.

आता त्यांच्या मोजण्याविषयी सांगायला हवं. बाबुलालजी, म्हणजे त्यांचे मालक, तलावावर मोठं जाळं ओढणाऱ्या टोळीचे पुढारी. जाळं बाहेर आलं की मासळीचे पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, सारखे वाटे घालतात. दोरीला ज्याचा हात लागला त्याचा वाटा, मग त्यानं दिवसभर ओढली असो की एकदाच. एक वाटा खुद्द जाळ्याचा. वाटे पडले की टोळीतले सगळ्यांत वडील, भैय्यालाल, ढिगांकडे पाठ करून उभे राहतात. कुणीतरी एका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कोनाचा?" आणि भैय्यालाल न पाहता नाव घेतात. यशोदाबाईंचं अर्धं आयुष्य हे वाटे पाहण्यात गेलेलं. त्यामुळे गाणं लागलं की त्या समोर चिंचोके मांडत. सॅक्सोफोनचा एक, ड्रमचा एक, बेसचा एक. ज्याचा हात लागला त्याचा चिंचोका.

पिवळ्या छत्रीपाशी घोटाळा झाला. खुशीनं नावं वाचली ती पाच. आणि यशोदाबाईंसमोर चिंचोके पडले सहा.

"आजी, पाचच आहेत."

"आयक. रेणू खालच्या सुरात उतरते का नाई? उतरली की मागून कोनीतरी 'झिर्र-टिक' करते. बारीक. आता... हे घे! आयकलं?"

खुशीनं ऐकलं. खरंच काहीतरी होतं.

"असेल काहीतरी. पण नाव नाही त्याचं."

"हेच तं! दोरीले हात लावला अन् वाटा नाई?" यशोदाबाईंना अगदी मनापासून राग आला. "गरीब असन बिचारा. चहा आनून देनारा असन, अन् त्याईनं त्याच्या हाती खुळखुळा देला असन. नाव टाकाले काय झालं होतं?"

त्या दिवसापासून सहावा हा विषय झाला. बाजारात, तलावाच्या पाळीवर, घरी जेवताना सहावाच. शेवटी बाबुलालजी वैतागले.

"बुडे, कवरवर पाच लिवलेत तं पाचच. तुया कानात मसोळी गेली हाये."

"माया कानाले काई नाई झालं. तुमचे कान त्या जाळ्यात अडकले."

"लाव पैज!"

"लावा!"

बाबुलालजींनी छाती पुढे काढली. "येत्या बाजारी समद्याईसमोर आयकू. सहावा निंगाला तं मी तुये सातही अल्बम एका बैठकीत आयकीन. उठलो तं पुन्ना पयल्यापासून. अन् नाई निंगाला, तं बाजारात ते गंजातली पेटी बंद. कायमची."

यशोदाबाईंचा हात भाजीच्या डावावर क्षणभर थांबला. कायमची म्हणजे पुन्हा त्या तीस वर्षांतल्या दुपारी. पण सहाव्याचा वाटा बुडवायचा कसा?

"चालन," त्या म्हणाल्या.

बाजाराच्या दिवशी मासळीच्या रांगेपुढे दंडारीच्या खेळाला जमावी तशी गर्दी जमली. टोळी हजर. भैय्यालाल पंच. सुशीलाबाई वांगी उघड्यावर टाकून आलेली, आणि तिच्या मागोमाग वांगी घ्यायला आलेले दोघेतिघेही. खुशीनं पिवळी छत्री लावली. रेणू खाली उतरली, आणि गंजातून स्पष्ट आलं, 'झिर्र-टिक, झिर्र-टिक'.

"हाये!" गर्दी ओरडली.

"हाये तं खरं," भैय्यालाल म्हणाले. ते जरा कमी ऐकतात. "पन मले नीट आयकाले पायजे. पोरी, आन इकडे."

खुशीनं स्पीकर गंजातून उचलला आणि भैय्यालालच्या कानाशी धरला.

सहावा पळाला.

सॅक्सोफोन होता, ड्रम होते, रेणू तर अगदी पोटातून बोलत होती. झिर्र नाही, टिक नाही. खुशीनं स्पीकर परत गंजात ठेवला. झिर्र-टिक! बाहेर काढला. नाही. आत. झिर्र-टिक! मग तिनं गंज उलटा केला. बुडाला गेल्या वर्षी ठिगळ मारून घेतलं होतं, ते एका बाजूनं सुटून हलत होतं. यशोदाबाई सगळं या गंजातूनच ऐकायच्या, बाजारात आणि घरीही. रेणू खाली उतरली की ठिगळ वाजायचं. रेणूच्या आधी किंवा नंतर इतक्या खाली कुणी उतरलंच नव्हतं.

खुशीनं ठिगळाला टिचकी मारली, झिर्र-टिक! मग जो हशा फुटला, त्यानं पलीकडच्या ओळीतल्या कोंबड्या ओरडायला लागल्या. सुशीलाबाई तर खालीच बसली. "माय वो! ठिगळाले वाटा मागत होती वो हे!" कुणी म्हणालं, माया घमेल्यात ठेवून पाहा. घमेल्यात स्पीकर घुमला. कुणी तेलाचा डबा आणला, त्यात वीरेंद्रला सर्दी झाली. एकानं पितळी लोटा पुढे केला, पण त्यात स्पीकर मावला नाही, म्हणून त्यानं लोटाच गंजावर आपटून सातवा वाजवणारा तयार केला. बाबुलालजी कमरेवर हात ठेवून, जाळ्यात दहा किलोचा कतला आल्यासारखे उभे होते.

यशोदाबाईसुद्धा हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पण हसता हसता त्यांनी स्पीकर हातात घेतला, बटण दाबलं आणि तो पदराला पुसून पिशवीत ठेवला.

"हरली बाप्पा मी," त्या म्हणाल्या. "बंद म्हनजे बंद. बोलल्या बोलाची हाये मी." आणि विळीशी बसून त्यांनी एक रोहू उचलला. तो आधीच साफ केलेला होता. तरी त्या त्याचे खवले काढू लागल्या.

हशा थोडा कमी झाला. खुशीनं आजोबांकडे पाहिलं. बाबुलालजींनी उगाच घसा खाकरला.

"थांबा," भैय्यालाल म्हणाले. "पंच मी हावो का बाबुलाल?"

"तुमीच, भाऊ."

"मंग निकाल तरी देऊ द्या मले." त्यांनी गर्दीकडे पाठ केली, वाट्यांकडे करतात तशी. "कोनी एकानं गंजावर बोट ठेवा."

खुशीनं ठेवलं. "हा कोनाचा, दादा?"

"वाजला का थो?"

"वाजला."

"मंग वाटा हाये. सहावा निंगाला."

"अरे!" बाबुलालजी उसळले. "गंज का मानूस होय का, भाऊ?"

भैय्यालाल सावकाश वळले. "जाळं मानूस होय का?"

"नाई, पन..."

"तरी त्याचा वाटा तूच दर खेपी काढतो का नाई? काहून काढतो?"

चाळीस वर्षं जाळ्याचा वाटा बाबुलालजींच्याच घरी येत होता, कारण जाळं त्यांचं होतं. यावर आता काही बोलावं, तर तो वाटाच जायचा. टोळीतले सगळे एकदम त्यांच्याकडे पाहू लागले.

"निंगाला," ते पुटपुटले. "सहावा निंगाला."

यशोदाबाईंनी पिशवीतून स्पीकर इतक्या घाईनं काढला की रोहू मांडीवरून निसटून सुशीलाबाईच्या पायावर पडला.

बैठक दोन दिवसांनी, टोळीच्या सुट्टीच्या दिवशी झाली. सकाळी नऊला बाबुलालजी ओसरीत चटईवर भिंतीला टेकून बसले. आधी दोनदा मागे जाऊन आले होते, म्हणजे मधे उठावं लागू नये. यशोदाबाईंनी चहा हातात दिला आणि दांडीवरचे कपडे लावले. चार शेजारी फाटकाशी येऊन उभे राहिले. माणूस फाशी जाताना पाहावं तसे.

पहिल्या अल्बमला बाबुलालजींनी दात कोरले. बकरीला त्यांनी छताची कौलं मोजली. जिन्यावर वीरेंद्र एवढा किंचाळला की ते म्हणाले, "याले कोनी मारून राहिलं का?" आणि जिना संपायच्या आत त्यांचं डोकं मागे गेलं, तोंड उघडलं आणि घोरणं सुरू झालं.

"आजी, आबाजी झोपले! हे चालते का?"

"पैज उठाची होती, झोपाची नाई," यशोदाबाई नाइलाजानं म्हणाल्या. पण त्यांचा चेहरा पडला. पिवळी छत्री गंजात ठेवून लावली, ठिगळ मन लावून वाजलं, तरी घोरणं तसंच. पाचव्या अल्बमला शेजारी कंटाळून जेवायला गेले. यशोदाबाई खुशीशेजारी चिंचोके मांडत बसल्या. पैज जिंकून काय मिळालं, असं त्यांच्या मनात आलं. या माणसाला आयुष्यात एकदा तरी ऐकवायचं होतं, आणि तो झोपून गेला.

मग सहावा अल्बम लागला. पहिलं गाणं सुरू होऊन श्वासभर वेळ गेला नसेल. घोरणं मधेच तुटलं. बाबुलालजींचे डोळे खाडकन उघडले आणि त्यांच्या दोन्ही मुठी दोरी धरल्यासारख्या आवळल्या गेल्या.

"कोन गेला?" ते ओरडले.

यशोदाबाई दचकल्या. "काय?"

"टोळीतला कोनी गेला! ओढ बदलली. आतापावतर एक मानूस मागून धरून होता, पक्का. थो गेला. हा नवा हाये, हा दोरीले झटके देऊन राहिला. काहून गेला थो? कोठी गेला?"

"ताराचंद," यशोदाबाई म्हणाल्या. "ड्रमवाला. पाच अल्बम होता."

"अन् जाऊ देला त्याले?" बाबुलालजी रागानं ताडकन उभे राहिले. "असा मानूस कोनी जाऊ देते का? त्या वीरेंद्रले अक्कल हाये का नाई?"

"आबाजी," खुशी टाळ्या पिटत किंचाळली, "उठले! तुम्ही उठले! पुन्हा पहिल्यापासून!"

बाबुलालजींनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग बायकोकडे. यशोदाबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या, आणि त्यांच्या मांडीवरचे चिंचोके सगळ्या ओसरीभर उडाले होते.

बाबुलालजी परत चटईवर बसले आणि त्यांनी मांडी ठोकली.

"लाव पयल्यापासून," ते म्हणाले. "आता त्या ताराचंदलेच आयकतो."