सेलेस्टिनची खासगी तार

सेलेस्टिनने १९६१ साली दोन टेलिफोनांसाठी अर्ज केला आणि १९७२ सालीही तो अर्जदारच होता. सेलीन माझी धाकटी बहीण, म्हणून हा माझा मेव्हणा. नाहीतर त्याचं इतकं ऐकून घ्यायची मला काही गरज नव्हती.

त्याचं घर उत्तनच्या नाक्यावर. किनारा तिथून दीड मैल, आणि होडीतलं मावरं, म्हणजे मासळी, सेलीन तिथे उतरवून घ्यायची. व्यापाऱ्यांची बर्फाची गाडी नाक्यापर्यंतच यायची, तीही मनाला येईल तेव्हा. टोपल्या आधी आणल्या तर पापलेट उन्हात नरम पडायचं, उशिरा आणल्या तर गाडी गेलेली असायची. एक फोन नाक्यावर, एक किनाऱ्यावरच्या खोपीत, एवढंच त्याचं मागणं.

फोनच्या कचेरीतून दरवर्षी उत्तर यायचं, की अर्जाचा विचार चालू आहे. मग आमच्या देवळातून, म्हणजे चर्चमधून, बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला सेलेस्टिन गाठायचा. मी जिल्हा परिषदेचा मास्तर, सरकारी पगार खाणारा, म्हणून सगळा राग माझ्यावर.

"मावरं कोनबी विकतो, म्हनून बाजारात मावरं भेटतं," तो म्हणायचा. "फोन एकटं सरकार विकतं, म्हनून भेटत न्हाय."

शेवटी तो चोरबाजारात गेला आणि लष्कराने भंगारात काढलेले दोन हँडलचे फोन घेऊन आला. माडांना बांधत बांधत तार किनाऱ्यापर्यंत नेली. नाक्यावर हँडल फिरवलं की खोपीत घंटी वाजायची आणि सेलीन टोपल्या उचलायची. पापलेट ताजं पोचू लागलं. मला त्याचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू?

मग शेजारीपाजारी बोलायला येऊ लागले, आणि सेलेस्टिनने भिंतीवर नियम लावले. ओल्या हातांनी फोनला हात लावायचा नाही. बोलायचं असेल तर आदल्या दिवशी लेखी अर्ज द्यायचा. मावरं उतरवणाऱ्या बाईचे हात कोरडे कधी असणार, आणि आजच्या गाडीसाठी काल अर्ज कसा करणार, असं मी विचारलं. शिस्त पाहिजे, तो म्हणाला.

महिन्याभरात शेजारच्या बॉस्कोने तसेच फोन आणून त्याच माडांना आपली तार बांधली. त्याच्याकडे कसल्याही हातांनी बोला. सगळे तिकडे गेले. वर दोन्ही तारा इतक्या जवळ, की एकीवरचं बोलणं दुसरीवर ऐकू यायचं आणि सेलेस्टिनच्या गाडीची खबर बॉस्कोच्या गिऱ्हाइकांना फुकट मिळायची.

सेलेस्टिन भडकला आणि अकरा वर्षांच्या सवयीने त्याच कचेरीला पत्र लिहून बसला: बॉस्को डाबरे बेकायदा तार चालवतो, त्यामुळे माझ्या तारेवर नीट ऐकू येत नाही. खाली सही आणि स्वतःचा अर्ज क्रमांक.

चौथ्या दिवशी कचेरीचा इन्स्पेक्टर दारात. सभ्य माणूस, शहाळं प्यायला, बॉस्कोची तार उतरवली. मग सेलेस्टिनचं पत्र काढून विचारलं, यातली तुमची तार कुठली? तीही उतरवली. चारही फोन जप्त झाले, आणि विनापरवाना तार चालवल्याबद्दल सेलेस्टिनचं नाव अर्जदारांच्या यादीतून कमी झालं. बॉस्कोने कधी अर्जच केला नव्हता, त्याचं काय कमी करणार?

तेवढ्यात गाडी येऊन गेलीसुद्धा. घंटीची वाट पाहून पाहून सेलीन वर आली आणि नरम पडलेल्या पापलेटांची टोपली तिने नवऱ्यापुढे ठेवली. तो मान खाली घालून बसला होता. मला त्याची फार कीव आली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली,

"अकरा वर्सांत सरकारनं तुजं एकच काम येळेवर केलं. तेबी तू सांगितलं म्हनून."