गजभिये काका आणि माझी न घेतलेली गाडी

गजभिये काका कुठलाही कागद मागून पुढे वाचायचे. लग्नपत्रिका हातात आली की आधी 'कृपया आहेर आणू नये', मग कार्यालयाचा पत्ता आणि अगदी शेवटी नवरा-नवरी. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तपासणी खात्यात जन्म काढलेला माणूस. तिथल्या मालात चूक राहिली तर ती दुरुस्त करायला माणूसच उरत नाही. "पहिलं पान विकणाऱ्याचं असते बाबू, शेवटचं घेणाऱ्याचं," असं म्हणायचे. मूळ नागपूरचे. चाळीस वर्षं पुण्यात राहून बोलणं काही पुणेरी झालं नाही.

वाघोलीला आमची सोसायटी. ते पहिल्या मजल्यावर, मी तिसऱ्या. माझं ऑफिस हिंजवडीला, म्हणजे शहराच्या एका टोकाला झोपायचं आणि दुसऱ्या टोकाला राबायचं. सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, कंपनीच्या बसमध्ये मान लटकवून. घरी आलो की बायकोशी बोलायलाही तोंड उघडवत नसे. काका जिन्यात भेटायचे. "जय भीम, नितीन. जित्ता हायेस ना?" "आहे, अजून तरी," मी म्हणायचो. यात विनोद फारसा नव्हता.

अशात कंपनीने इलेक्ट्रिक गाड्या भाडेकराराने द्यायची योजना काढली. गाडी विकत घ्यायची नाही. चार वर्षं भाडं पगारातून कापणार, विमा-दुरुस्ती त्यांची, शेवटी गाडी परत. मला वाटलं, सुटलो! पहाटे गर्दीआधी निघायचं, परत कधी यायचं ते आपल्या हातात. तीन कंपन्यांची पत्रकं आली. मी एक्सेलमध्ये अठरा रकाने आखले, दोन आठवडे डोकं फोडलं आणि होतं तेवढंही कळेनासं झालं. शेवटी एका रविवारी कागदांचा गठ्ठा घेऊन काकांकडे गेलो.

सुशीलाकाकू नेहमीसारख्या खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांची उजवी बाजू लुळी पडली होती. दर शनिवारी काका त्यांना व्यायामासाठी रिक्षाने येरवड्याला न्यायचे. काकूंची काठी दिसली की निम्मे रिक्षावाले वेग वाढवायचे. उरलेल्यांपैकी एखादा थांबला तर खड्ड्याखड्ड्याला काकू कळवळायच्या.

काकांनी जुन्या कॅलेंडरची पानं काढली, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर पट्टीने रेघा मारल्या आणि पेन्सिल उचलली.

"पहिल्याचं भाडं सर्वांत कमी," मी म्हणालो.

"वर्षाला दहा हजार किलोमीटर, असं मागं बारीक लिहून आहे. तुझं रोजचं जाणं-येणं किती?"

"सत्तरच्या आसपास."

"म्हणजे एप्रिलात घेतली तं दिवाळीपर्यंत मर्यादा खलास. पुढं दर किलोमीटरला दंड. स्वस्त काहून आहे, कळलं?"

दुसऱ्याच्या अटीत, गाडी परत देताना प्रत्येक ओरखड्याचे पैसे. "अन् गाडी पुण्यात चालवायची!" काका हसले. राहिला तिसरा. भाडं थोडं जास्त, पण किलोमीटर पुरेसे, अटी माणसाला झेपतील अशा.

ती गाडी बघायला काका बरोबर आले. मी बॅटरी, वेग वगैरे विचारत होतो, आणि हे मागच्या सीटवर बसतायत, उतरतायत, पुन्हा बसतायत. मग खिशातून टेप काढून सीटची जमिनीपासून उंची मोजली. विक्रेत्याने विचारलं, "काकांना जागा कमी वाटतेय का?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "पाहून राहिलो," एवढंच काका म्हणाले.

पार्किंगमध्ये चार्जिंगचा बोर्ड बसवायला सोसायटीची परवानगी हवी होती. सेक्रेटरी म्हणाले, "आपल्याला गाडी हवी आहे, आम्हाला झोप हवी आहे. आग लागली तर कोण जबाबदार?" सभेत एरवी तोंड न उघडणारे काका उठले आणि अर्धा तास वायर, फ्यूज, अर्थिंग यांवर बोलले. लोक कंटाळून हो म्हणाले. माझ्या गाडीसाठी हा माणूस एवढा का झगडतोय, हे मला तेव्हा विचारावंसंही वाटलं नाही. शेजारधर्म, असं धरून चाललो.

यात पाच महिने गेले. बोर्ड बसला. तोवर आमच्या हातात फक्त पत्रक होतं. पूर्ण करार सहीच्या वेळी आला, तो घेऊन मी खाली काकांकडे गेलो. काकांनी सवयीप्रमाणे शेवटचं पान उघडलं आणि बराच वेळ तिथेच थांबले.

"हे पाह. मुदतीआधी नोकरी संपली तं उरलेलं निम्मं भाडं एकदम भराचं."

"काका, मी कुठे नोकरी सोडतोय?"

"तू नाही सोडत. त्यांनी काढलं तं? इथं 'कोणत्याही कारणाने' लिहून आहे."

"अहो, ऑफिसात सगळ्यांनी सह्या केल्यात!"

"सगळ्यांचे कागद मी नाही पाहिले."

त्यांनी काकूंकडे एकदा पाहिलं. मग कॅलेंडरच्या पानावर 'पाहिले. घेऊ नये' असं लिहून खाली तारीख घातली. मी चिडलो. इतका थकलो होतो की त्यांच्यावर ओरडलोच. "तुमचं काय जातं हो! बसमध्ये मी मरतोय!" काकांनी करार नीट घडी घालून माझ्या हातात दिला. मी सही केली नाही, पण महिनाभर त्यांच्याशी नीट बोललोही नाही.

मार्चमध्ये ऑफिसातलं आमच्या मजल्यावरचं सगळं कामच बंद झालं. सगळ्यांना नारळ. सह्या केलेल्यांच्या गाड्याही गेल्या आणि निम्मं भाडंही. मी खाली जाऊन काकांच्या पाया पडलो. "हाट! पाया काय पडतो? नोकरी शोध," म्हणाले. मला नोकरी लागली तोवर काका गेले होते. दुपारी पेपर वाचताना, बसल्या जागी.

मुलगी काकूंना नागपूरला न्यायला आली. सामान बांधताना काकूंनी डाव्या हाताने कॅलेंडरची पानं माझ्यापुढे केली. "तुझे कागद."

शेवटच्या पानाच्या कोपऱ्यात काकांचं अक्षर होतं. 'सीट एकवीस इंच. घरची खुर्ची वीस. सुशीलाला जमेल. शनिवारसाठी नितीनला विचारणे.' आणि त्याखाली, त्याच पेन्सिलीने, 'पाहिले. घेऊ नये.'

"काकू, मला एकदा तरी सांगायचं ना त्यांनी!"

झटक्यानंतर काकू सावकाश, एकेक शब्द जुळवून बोलायच्या.

"मी म्हटलं होतं, पोराला सांगून टाका. तं म्हणे, सांगितलं तं तो सही करून टाकंल."