पुराचे यजमान

ज्या माणसामुळे तुमच्या घरात पाणी शिरलं, त्याच्याच ओसरीवर बसून तुम्ही कधी पोटभर आमटी-भात खाल्ला आहे का? आमची खालची आळी दर पुरात खाते. वाढायला माझे थोरले चुलते, म्हणजे तात्या, असतात. पुराचं त्यांच्याइतकं आदरातिथ्य करणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात सापडणार नाही.

पाऊस झोडपू लागला आणि धरणातून नीरेत पाणी सोडणार असं कानावर आलं, की तात्यांच्या अंगात वारं शिरतं. एरवी गुडघे धरून उठणारा हा माणूस नदीवर धावतो, दोर लावून लोकांच्या पाण्याच्या मोटारी काठावर ओढतो आणि चिखलातूनच ओरडतो, "माझी ऱ्हाऊ द्या, आदी बापूची काढा!" मग ट्रॅक्टर खालच्या आळीत. गाद्या, शेळ्या, शिलाई मशीन, म्हाताऱ्या, सगळं एका ट्रॉलीत. घरी काकूंच्या चुलीवर पातेली चढलेली असतात. तात्या पंगतीत फिरून आग्रहानं वाढतात, स्वतःची खाट कुणातरी म्हातारीला देऊन जमिनीवर निजतात. फोटो निघत असेल, तर भाताचा डाव हवेत धरून थांबतात, एवढंच.

आता या पुण्यवान माणसाचा पराक्रम सांगतो. गावातलं पावसाचं पाणी नदीला नेणारा ओढा तात्यांनी कधीच नांगरून टाकला आहे आणि त्यात ऊस उभा केला आहे. पाणी त्या उसाला अडतं आणि खालच्या आळीत शिरतं. म्हणजे पूर तात्यांचा आणि पंगतही तात्यांचीच!

मी ग्रामसभेत तावातावानं हे मांडलं. तात्यांनी सगळ्यांदेखत शब्द दिला, "पुन्यांदा ऊस लावणार न्हाय." आणि शब्द पाळला! ऊस कारखान्याला गेला, जमिनीतल्या बुडख्यांना नवे कोंब फुटले, खोडवा डोक्याएवढा वाढला. मी जाब विचारला, तर म्हणाले, "मी कुठं लावला? त्यो आपला आपण आलाय."

गेल्या पुरात खालच्या आळीतल्या चाचींच्या पिठाच्या गिरणीत कमरेएवढं पाणी आलं. चाचींना पोटापाण्याला दुसरा आधार नाही. पाणी ओसरल्यावर गाळ काढायला खोरं घेऊन पहिले हजर कोण? तात्या!

"चाची, आदी च्या घ्या, मग रडा."

चाची रडत नव्हत्याच. "तात्या, तुमचा भात लई ग्वाड हुता. आता भात नगं, ओढा सोडा. परत गिरणी भिजली तर मी बारामतीला लेकीकडं जाणार. मागारी यायची न्हाय."

तात्यांचं खोरं थांबलं. "मग आमची बाजरी कोण दळणार?"

"तुमचा खोडवा दळंल."

तेव्हापासून तात्या रोज ओढ्याच्या कडेला जाऊन उभे राहतात, उसाकडं बघतात आणि परत येतात. परवा माझ्याकडं न बघताच म्हणाले, "तोड झाली की बुडखं उपटाय पायजेत. माझ्या हातानं न्हाय व्हायचं ते. तुमी उपटा. मी त्या दिवशी कन्हेरीला पावण्याकडं असंन."

सगळ्या गावाच्या मोटारी ओढणारा हा माणूस स्वतःच्या एका सरीपुढं एवढा हतबल होईल, असं मला वाटलं नव्हतं. तेव्हा यंदाची तोड झाली की कुदळ घेऊन आमच्या गावी या. एका दिवसात ओढा मोकळा करू. आणि तात्या कन्हेरीहून परतले, की तेवढं त्यांना कुणी चिडवू नका.