गुन्हेगाराच्या जबड्याचं माप

हसायचं नाही असं कबूल करत असाल तरच सांगतो. कारण ही चूक अडाणी माणसाच्या हातून झालीच नसती. ती करायला मला हैदराबादला जाऊन शिकावं लागलं.

निजामाचं राज्य होतं. मी तिकडे कॉलेजात. सुट्टीला घरी सेलूला निघालो तेव्हा प्राध्यापकांनी एक विषय गळ्यात बांधला: माणूस गुन्हा का करतो? एखाद्या गुन्हेगाराला भेटा, बोलतं करा आणि निबंध लिहा. सोबत एक जाडजूड विलायती पुस्तकही दिलं. त्यात म्हटलं होतं की गुन्हेगार चेहऱ्यावरून ओळखता येतो. रुंद जबडा, मोठे कान, जुळलेल्या भुवया. ते वाचून मी बरेच दिवस आरशात बघत होतो, पण ते जाऊ द्या.

घरी आलो तर माझ्या लग्नाचं चाललेलं. मुलगी चारठाण्याच्या एका मोठ्या जमीनदाराची. पोखर्णीला नरसिंहाच्या दर्शनाला गेलो होतो तेव्हा मी तिला लांबून पाहिलं होतं, आणि खरं सांगतो, तेव्हापासून माझी अन्नावरची वासना उडाली होती. तिचे वडील, अण्णा, त्याच संध्याकाळी मला पाहायला यायचे होते. "आज तरी शहाण्यासारखा वाग," माझे वडील म्हणाले. ते गावात वकिली करायचे, म्हणजे माणसं ओळखायचे.

पण संध्याकाळपर्यंत घरात बसून करायचं काय? शिंप्याकडून मापाची टेप मागून घेतली आणि गेलो पोलीस ठाण्यात. अमीनसाहेब, म्हणजे तेव्हाचे फौजदार, वडिलांच्या ओळखीचे. माझं काम ऐकून म्हणाले, "एक चोर है ना अपने पास. बाहर बैठाइच है, पूछ लो."

बाहेर व्हरांड्यात दोन माणसं. एक किडकिडीत, स्वच्छ सदरा घातलेला, मला पाहताच उठून नमस्कार करणारा. दुसरा आडदांड, धुळीनं भरलेला, आणि जबडा असा की सुपारी नुसती दाखवली तरी फुटावी. कान तर विचारूच नका. आता यातला चोर कोण, हे अमीनसाहेबांना पुन्हा कशाला विचारायचं? मग शास्त्र कशासाठी असतं? मी थेट त्या आडदांडासमोर जाऊन बसलो.

प्राध्यापकांनी बजावलं होतं, गुन्ह्याचं नाव आधी काढू नका, माणूस सावध होतो. घरादारापासून सुरुवात करा. मी विचारलं, "तुमचे वडील दारू प्यायचे का?"

"न्हाई. तू कोण?"

"चौकशी चालू आहे."

"सरकारी?"

"शास्त्रीय."

सरकारनं हे आणखी एक खातं काढलं असेल असं त्याला वाटलं असावं.

"घराण्यात कुणी वेडं? राग आला की हात उचलता का?"

"आजवर न्हाई उचलला. आता उचलावा वाटायलाय."

हे उत्तर मला फार मोलाचं वाटलं. लगेच टेप काढली. किडकिडीत माणसानं न सांगता पुढं होऊन दुसरं टोक धरलं आणि जबडा, कपाळ सगळं नीट मोजू लागला. ठाण्याचा कारकून असावा, असं मी धरून चाललो होतो. इतकी नम्र माणसं सरकारी नोकरीत नसतात, हे मात्र तेव्हा सुचलं नाही.

"मुलंबाळं?"

"एक पोरगी. लगीन जमवायलोय तिचं."

"तोंडवळा कुणाचा?"

"माझ्यावरच गेलीय."

मला त्या पोरीची इतकी दया आली की मी त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तिला जपा. हे रक्तातून उतरतं. आणि मुलाकडच्यांपासून लपवू नका, तुमची तुरुंगात ये-जा असते म्हणून."

तो सावकाश उठला. उठल्यावर तो बसल्यापेक्षा फारच मोठा निघाला.

"पोरा, मी चारठाण्याचा. इथल्या वकिलाच्या पोराला पोरगी द्यायचीय. कॉलेजातली पोरं आताशा सत्याग्रह करून जेलात जायलीत, म्हणून त्याची चालचलन इचारायला अमीनसायबाकडं आलोय. वळखतो का तू त्याला?"

उत्तर किडकिडीत माणसानं दिलं, अगदी अदबीनं. "हेच की ते, मालक."

तेवढ्यात आतून शिपाई आला आणि त्या किडकिडीतालाच बेड्या घालून घेऊन गेला. जाण्यापूर्वी त्यानं टेप गुंडाळून माझ्या हातात दिली.

घरी येऊन मी पोट दुखतंय म्हणून माजघरात पडलो. खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी होतं. पोखर्णीचं देऊळ नजरेसमोरून हलत नव्हतं. आपल्या हातानं आपण सगळं घालवलं, याची पुरती खात्री होती.

आणि संध्याकाळी अण्णा आले. चहा घेतला. मला बोलावून समोर बसवलं. वडिलांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, "मुलाच्या वागणुकीची काही चौकशी करायची असेल तर खुशाल करा."

"झाली की," अण्णा म्हणाले. "अमीनसायबाला इचारायची गरजच पडली न्हाई."

"म्हणजे?"

"वकीलसाहेब, गुन्हा करायला थोडीतरी अक्कल लागती. ठाण्यात बसून बी ज्याला चोर सापडंना, त्याच्या हातून जन्मात गुन्हा व्हायचा न्हाई. पोरगी दिली."